दक्षिण स्पेनमधल्या डोंगरातल्या छोट्या गावात वर्षभर राहायचंय. कुणी राहिलंय का?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो आणि पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरातूनच करतो. बायको चित्रकलेचे वर्ग घेते, मुलगी सहावीत आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही ग्रानादा बघायला गेलो आणि तिथून बसने आल्पुहारात, म्हणजे सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरच्या गावांत गेलो. पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावं एकाच दरीत, एकाच्या वर एक. गल्लीगल्लीतून वाहणारं पाणी, पांढरी घरं, वर डोक्यावर बर्फ. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एक वर्ष तरी तिथं राहून बघावं असं दोघांनाही मनापासून वाटतंय.

एका दलालाने ऑर्हिवाच्या, म्हणजे त्याच भागातल्या खालच्या मोठ्या गावाच्या, वरच्या बाजूला एक जुनं शेतघर दाखवलं. थोडी ऑलिव्हची झाडं आहेत, पाण्याचा हक्कही आहे म्हणाला. किंमत आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटपेक्षा कमी. घ्यावं का? व्हिसा कुठला? मुलीच्या शाळेचं काय? आई सत्तरीची आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तिला नेता येईल का? ज्यांनी प्रत्यक्ष दिवस काढलेत त्यांनी सांगावं. फिरून आलेल्यांची वर्णनं भरपूर वाचून झालीत.

भुदरगडची लेक:
दादा, मी मूळची गारगोटीची. नवऱ्याची नोकरी ग्रानादाला होती तेव्हा आम्ही शहर सोडून त्याच दरीतल्या एका गावात घर घेतलं होतं, भाड्याने. आता कोल्हापुरात परत आलोय, पण तिथल्या शेजारणीशी अजून दर आठवड्याला बोलणं होतं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

मे महिन्यात तुम्ही त्या गावाचं सगळ्यात देखणं रूप बघितलंत. माझं पहिलं सांगणं हेच की घर विकत घ्यायचा विचार आता बाजूला ठेवा, रजा काढा आणि डिसेंबर-जानेवारीत तिथं राहून या. कापिलेइरा १,४३६ मीटरवर आहे. घरांच्या भिंती दगडी आणि जाड. उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात, पण हिवाळ्यात एकदा गारठल्या की लवकर तापत नाहीत. बहुतेक जुन्या घरांत एका खोलीत लाकडाची शेगडी असते, तीच काय ती ऊब. लाकूड ऑलिव्हचं, बदामाचं किंवा ओकचं. ते उन्हाळा संपता संपता घेऊन रचून ठेवायचं. थंडी पडल्यावर शोधायला गेलात तर ओलं लाकूड गळ्यात पडतं आणि घरभर धूर होतो. पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला नारिंगी सिलिंडर, साडेबारा किलो गॅसचा, तोही बऱ्याच गल्ल्यांत गाडी जात नसल्याने हाताने चढवायचा.

घर बघताना मी सांगेन की आधी ऊन बघा. दरी अरुंद आहे. डिसेंबरात काही घरांवरचं ऊन दुपारीच डोंगराआड जातं आणि वीस पावलांवरच्या घराला ते आणखी दीड तास मिळतं. आमच्या घरमालकिणीची दोन घरं होती. तिनेच आपणहून सांगितलं की खालचं मोठं आहे पण तुम्ही वरचं घ्या, बाळाचे कपडे वाळतील. त्या बाईचे उपकार आहेत आमच्यावर.

दुसरं म्हणजे छप्पर. जत-मंगळवेढ्याकडची माळवदाची घरं तुम्ही बघितली असतील. आल्पुहारातली छपरंही तशीच सपाट. चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यावर दगडी फरश्या आणि वर ‘लाउना’ नावाची करड्या रंगाची माती. ही माती पाणी आत येऊ देत नाही, पण तिची निगा राखावी लागते. पावसाळा तिकडे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत, तेव्हा त्याआधी वर चढून मातीचा नवा थर टाकायचा आणि बर्फ पडला तर ओढून काढायचा. आता बऱ्याच ठिकाणी खाली काँक्रीट घालतात. घर घेताना वर चढून छप्पर न बघणाऱ्या माणसाला मी घर घेऊ देणार नाही.

भाषेबद्दल स्पष्टच सांगते. स्पॅनिश शिकल्याशिवाय जाऊ नका. ऑर्हिवात इंग्रज, जर्मन, डच खूप आहेत आणि नुसत्या इंग्रजीवर तिथं दिवस निघतात, पण ते दिवस गावाबाहेरचेच राहतात. गावच्या बायका संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसतात. त्यांच्यात बसता आलं की लाकूड कुणाकडे चांगलं, डॉक्टर कुठल्या दिवशी येतात, कुणाचं घर रिकामं आहे, सगळं आपोआप कळतं. आणि त्यांचं अंदालुसियातलं, म्हणजे दक्षिण स्पेनमधलं, बोलणं पुस्तकासारखं नाही. शब्दांच्या शेवटचा ‘स’ ते खाऊन टाकतात, कान बसायला वेळ लागतो.

दुकानं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात ती पाच-साडेपाचला उघडतात. जेवण अडीच-तीनला, रात्रीचं नऊनंतर. ऑर्हिवाचा आठवडी बाजार गुरुवारी. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच सांगते की तिथल्या थाळीत बटाटे, तळलेलं अंडं, आणि बाकी सगळं डुकराचं. त्रेवेलेस गाव तर हॅमसाठीच प्रसिद्ध, त्या उंचीवरच्या थंड कोरड्या हवेत मांड्या टांगून सुकवतात. घरी करून खाल्लं तर मात्र काही अडचण नाही. भाज्या उत्तम. शरद ऋतूत लाल मिरच्यांच्या माळा सज्जातून लटकतात, फक्त तिखटपणाची अपेक्षा ठेवू नका. लवंगी आणि कांदा-लसूण चटणी इथूनच न्या.

आणि एक गोष्ट कोल्हापूरकरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या डोंगरातून खाली समुद्राकडे उतरलं की मोत्रील, सालोब्रेन्या. तिथं अरबांनी आणलेला ऊस शेकडो वर्षं होत होता. शेवटचा कारखाना २००६ साली बंद पडला. पण शेजारच्या मालागा प्रांतात फ्रिहिलियाना गावी उसाची काकवी अजून निघते आणि तळलेल्या वांग्यांवर ओतून खातात. आम्हाला बाटली मिळाली तेव्हा मी भाकरीबरोबर खाल्ली. उसाचा हा पट्टा संपताना बघितलेली माणसं त्याबद्दल बोलताना आजही हळवी होतात. आपल्या गुऱ्हाळांची संख्या कशी घटली ते माहीत असल्याने मला ते फार आतून कळलं.

मालागातला इचलकरंजीकर:
ताईंनी राहण्याचं सगळं सांगितलंय, मी फक्त कागदांचं लिहितो. जायच्या आधी मुंबईच्या वकिलातीकडून ताजी यादी घ्याच, नियम बदलत असतात.

घर घेतलं म्हणजे राहायचा परवाना मिळेल हे डोक्यातून काढा. गुंतवणुकीवरचा ‘गोल्डन व्हिसा’ एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. तुम्हाला दोन वाटा आहेत. एक, काम न करता राहण्याचा व्हिसा. त्याला ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे महिना ६०० युरोच्या हिशोबाने २,४०० युरो, आणि बरोबरच्या प्रत्येक माणसामागे आणखी ६००. पण त्यावर पुण्याचं काम चालणार नाही. म्हणून तुमच्यासाठी दुसरा, दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा. २०२२ च्या स्टार्टअप कायद्याने तो आला. उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं, कुटुंबासाठी वर आणखी, आणि तुम्ही परदेशातून काम करायला कंपनीची लेखी परवानगी हवी. सामाजिक सुरक्षेचा मुद्दा, म्हणजे पेन्शन-विम्याची वर्गणी कुठल्या देशात भरायची तो, कंपनीच्या लेखा विभागाशी आधी बोला, बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

तिथं गेल्यावर पहिलं काम गावच्या नगरपालिकेत नाव नोंदवणं, त्याला ‘पाद्रोन’ म्हणतात. शाळा, दवाखाना, सगळं त्या एका कागदावर. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की करासाठी तुम्ही तिथले. मग भारतातली खाती, गुंतवणूक किंवा स्थावर यांपैकी कुठल्याही एका गटात ५०,००० युरोंच्या वर असेल तर त्याची माहिती भरावी लागते. राजारामपुरीचा फ्लॅट त्यात येऊ शकतो.

भारतीय वाहन परवाना सहा महिन्यांनंतर चालत नाही आणि अदलाबदलीही होत नाही, तिथली परीक्षा द्यावी लागते. त्या डोंगरात गाडीशिवाय अवघड आहे, बस दिवसातून मोजक्याच.

आणि वेळेचा फरक लक्षात घ्या. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे. पुण्याची सकाळी दहाची मीटिंग तिथं पहाटे साडेपाचला.

शिरोळचा शेतकरी:
ताई, ते पाण्याचा हक्क म्हणालेत ते काय प्रकरण? आमच्याकडे पाणीपुरवठा संस्थेची पाळी असते, पाटकरी वेळ लावून देतो. तिकडं डोंगरात उपसा तर नसणार.

भुदरगडची लेक:
उपसा नाही, सगळं उतारावर. तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून आनंद झाला, कारण त्या गावांचं मूळ हेच आहे आणि फिरायला आलेले लोक त्यावरून चालत जातात तरी बघत नाहीत.

तिथं पाटाला ‘आसेकिया’ म्हणतात. अरब आणि बर्बर लोकांच्या राज्यात, हजारेक वर्षांपूर्वी, ही जाळी आखली गेली. शेतीचे पाट वेगळे आणि अगदी वर, बर्फाजवळचे वेगळे. ते वरचे मला सगळ्यात विलक्षण वाटतात. वसंतात बर्फ वितळलं की ओढ्याचं पाणी त्या पाटात वळवतात आणि डोंगराच्या ठरावीक जागी, जिथं खडक भेगाळलेला आहे तिथं, नुसतं सोडून देतात. ते मुरतं. डोंगराच्या पोटातून हळूहळू खाली येतं आणि आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांना फुटतं, नेमकं जेव्हा वर बर्फ उरलेलं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे पंचगंगा पात्राबाहेर असते तेव्हा, तिथं जवळजवळ थेंबही पडत नाही. ते दोन महिने हे मुरवलेलं पाणीच गावं जगवतं. कुठंही सिमेंट नाही, कारण गळती हाच हेतू. पाटाच्या कडेने चेस्टनटची झाडं उभी आहेत ती त्याच गळतीवर.

खालच्या पाटांवर पाळी असते, तुमच्यासारखीच. पाणी वापरणाऱ्यांचा संघ असतो, पाटकरी असतो. कुणाला कुठल्या दिवशी किती तास, हे जमिनीला बांधलेलं. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला दिवा घेऊन जायचं आणि दगड-माती लावून पाणी वळवायचं. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचे, स्वतः या नाहीतर मजूर द्या.

१५६८ ते १५७१ च्या बंडानंतर मोरिस्को लोकांना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांना, तिथून हाकललं आणि उत्तरेकडून नवी कुटुंबं आणून वसवली. माणसं बदलली तरी पाट तेच राहिले. मग विसाव्या शतकात लोक कातालोनियाला, जर्मनीला कामाला गेले, गावं रिकामी होत गेली आणि वरचे बरेच पाट बुजले. ग्रानादा विद्यापीठातले लोक २०१४ पासून स्वयंसेवकांना घेऊन ते उपसून पुन्हा चालू करताहेत. आम्हीही फावडी घेऊन गेलो होतो. एका बुजलेल्या पाटात पाणी सोडलं आणि ते वाळलेल्या मातीतून पुढे सरकायला लागलं तेव्हा गावातले म्हातारे त्याच्या बरोबरीने चालत होते.

रंकाळाकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार. शेतघराचा विषय आता हिवाळ्यानंतरच. पण ते बघताना नेमकं काय विचारू? आणि आईचं, मुलीचं राहिलंच.

भुदरगडची लेक:
शेतघर गावाबाहेरच्या शेतजमिनीवर असेल तर आधी नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिम्प्ले’ काढा. आपल्या सातबाऱ्याचं काम तो बऱ्याच अंशी करतो. मालक कोण, बोजा आहे का, आणि मुख्य म्हणजे घर कागदावर आहे का ते कळतं. कित्येकदा जमीन कागदावर असते आणि घर नसतं. वकील स्वतःचा करा, दलालाने सुचवलेला नको. पाण्याचा हक्क म्हणाला तर पाळी कुठल्या वारी, किती तास, ते विचारा आणि संघाच्या माणसाकडून खात्री करा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो दलालापेक्षा खरं सांगतो. जुन्या घरावर अंदालुसियात ७ टक्के हस्तांतर कर पडतो, तोही हिशोबात धरा.

आईंना वर्षभर नेऊ नका असं मी सांगेन. कुटुंबाच्या व्हिसात आई-वडील यायचे तर ते तुमच्यावर पूर्ण अवलंबून असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि त्या वयात खासगी विमा एक तर मिळत नाही किंवा फार महाग पडतो. गावात डॉक्टर काही तासच, ऑर्हिवात आरोग्य केंद्र आहे, पण मोठं रुग्णालय खाली मोत्रीलला, वळणावळणाच्या रस्त्याने. शिवाय गाव म्हणजे पायऱ्या. पर्यटक व्हिसावर ९० दिवसांपर्यंत येऊ देत, एप्रिल ते जून. बदामाचा मोहोर फेब्रुवारीत असतो, तो हुकेल, पण गुडघे शाबूत राहतील.

मुलीची काळजी सगळ्यात कमी करा. दोन-तीन गावांत मिळून प्राथमिक शाळा असते आणि मुलं इतकी थोडी की एक नवीन मूल आलं तरी शिक्षकांना आनंद होतो. पट घसरला की वर्ग बंद पडतो, ही तिथली खरी भीती आहे. तुमची मुलगी मात्र माध्यमिकच्या वयाची होतेय, म्हणजे ऑर्हिवाची शाळा आणि रोजची बस. हे धरून घर ऑर्हिवाजवळ बघा, कापिलेइराला नको. ऑर्हिवा साडेचारशे मीटरवर आहे, थंडीही कमी. प्रवेशाचे अर्ज मार्चमध्ये भरतात आणि शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते. नंतर पोचलात तरी जागा देतात, पण पाद्रोनचा कागद हातात हवा. स्पॅनिशचा वर्ग तिला आत्तापासून लावा, तुमच्या दोघांच्या आधी तीच बोलायला लागेल.