मंडळाच्या ट्रेलरचे टायर: बुधवारपर्यंत मंजुरी हवी

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी दुपारी मंडळाचा स्वयंपाकाचा ट्रेलर अ‍ॅरिझोनातील फिनिक्सहून फ्लॅगस्टाफच्या तळाकडे निघणार आहे. त्याच्या चारही टायरांवर तारखेचा शिक्का १८१९ असा आहे, म्हणजे माल २०१९ सालच्या अठराव्या आठवड्यातला. स्टेपनीही त्याच वेळची. दुकानदाराने गुरुवारी सकाळची वेळ देऊ केली आहे. मात्र पाचही टायर बदलायचे की नाहीत, हे त्याला बुधवारी सांगावे लागेल. गेल्या वर्षी याच वाटेवरील सनसेट पॉइंटच्या चढावर काय प्रसंग ओढवला ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. कृपया कार्यकारिणीने त्वरित कळवावे.

प्रेषक: खजिनदार

नमस्कार.

पाच टायर, धातूचे व्हॉल्व्ह, बसवण्याची मजुरी आणि वर हवेचा दाब दाखवणारे यंत्र, एवढ्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात कुठेही नाही. मी काल स्वतः आवारात जाऊन टायर पाहिले. नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे. ट्रेलर वर्षातून मोजक्याच वेळी बाहेर पडतो, तेव्हा टायर झिजणार तरी कसे? जो टायर झिजलाच नाही तो केवळ वयावरून बाद करायचा, हे वार्षिक सभेत मी कोणत्या तोंडाने सांगू? गणपतीच्या जनरेटरच्या भाड्यावरून काय काय ऐकून घ्यावे लागले, त्याची आठवण अजून ताजी आहे.

प्रेषक: नाना (मेसा)

खजिनदारांशी मी पूर्णपणे सहमत आहे. ट्रेलर ओढण्यात माझी हयात गेली. इथल्या उन्हात टायरमधील हवा तापून वाढते, म्हणून मी उन्हाळ्यात नेहमी पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) कमीच भरतो. एवढे पथ्य पाळले तर हेच टायर आणखी दोन वर्षे सहज जातील. बदलायचेच असतील तर साधे मोटारीचे टायर घ्यावेत. ते स्वस्त असतात आणि कोणत्याही गावात मिळतात. शिवाय नायट्रोजन भरून घ्यावा, म्हणजे प्रश्नच मिटला. नव्या समितीला प्रत्येक गोष्ट नवी लागते, एवढेच मी म्हणेन.

प्रेषक: सहल समिती

आदरणीय नाना आणि खजिनदारसाहेब,

आपल्या अनुभवाचा मान राखून काही आकडे पुढे ठेवते. आपल्या टायरचे माप एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर) २०५/७५ आर १४, भारश्रेणी (किती वजन पेलतो त्याची प्रत) सी. असा एक टायर ५० पीएसआय दाबाला १,७६० पौंड वजन पेलतो, म्हणजे चार मिळून ७,०४० पौंड. मे महिन्यात ट्रक थांब्यावरच्या काट्यावर ट्रेलर भरलेला तोलला, तेव्हा दोन्ही अ‍ॅक्सलवर मिळून ६,६२० पौंड भरले. आता नानांच्या पद्धतीने दाब ४५ वर आणला, तर तोच टायर कोष्टकाप्रमाणे केवळ १,६४० पौंड पेलतो आणि चारांची बेरीज ६,५६० होते. म्हणजे आवारातून बाहेर पडण्यापूर्वीच आपण मर्यादेच्या पलीकडे गेलेलो असतो. शिवाय ही सरासरी झाली. शेगड्या, गॅसच्या टाक्या आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असल्यामुळे तिकडच्या चाकांवर किती भार येतो, ते या काट्यावर कळत नाही.

हवा तापून वाढते हे खरे, परंतु टायरवर छापलेला दाब थंड टायरचाच असतो आणि चालताना होणारी वाढ टायर घडवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याच्या बाजू वाकत राहतात, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने आतील पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर सैल होत जाते. त्यामुळे दाब पहाटे, ट्रेलर सावलीत उभा असताना, पूर्ण भरावा आणि वाटेत गरम टायरमधून हवा सोडू नये. नायट्रोजनने हवा थोडी सावकाश कमी होते, परंतु उष्णतेने दाब वाढायचा तो वाढतोच.

मोटारीच्या टायरबाबत सांगायचे तर तो ट्रेलरला लावताना त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते. त्याच्या बाजू नरम असतात, कारण तो प्रवाशांना धक्के लागू नयेत म्हणून बनवलेला असतो. ट्रेलरला सुखद प्रवासाची गरज नाही. तिथे बाजू ताठ हव्यात.

नक्षीविषयी खजिनदारांनी मांडलेला मुद्दा बसच्या टायरला लागू पडेल. ट्रेलरचा टायर बहुधा झिजून मरत नाही. तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. ऊन आणि ओझोन यांनी रबर कडक होते, तर रोज फिरणाऱ्या टायरमध्ये ज्या घटकांचा लेप पृष्ठभागावर येत राहतो तो उभ्या टायरमध्ये येत नाही. २०२३ साली आपल्या शहरात सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, आणि ते सर्व दिवस आपला ट्रेलर आच्छादनाशिवाय डांबरावर उभा होता. चाकाच्या आतील बाजूला मोबाईलचा दिवा धरून पाहावे. कडेने नखाएवढ्या लांबीच्या बारीक भेगा दिसतील. बाहेरच्या, वरून दिसणाऱ्या बाजूला त्या नाहीत.

प्रेषक: ताई (टुसॉन)

हा धागा वाचून राहवत नाही. हॉलब्रुकच्या अलीकडे आय-४० महामार्गावर आमच्या स्वतःच्या ट्रेलरचा टायर फुटला, तेव्हा पुढच्या गाडीत आम्हाला काहीही जाणवले नाही, कारण दुहेरी अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला त्या बाजूचे दुसरे चाक सावरून धरते. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून मागे बोट दाखवले, तेव्हा कुठे कळले. तोपर्यंत सुटलेल्या नक्षीचा पट्टा चाबकासारखा फिरून चाकावरचा पत्रा फाडून आत आला होता. कपाटाची तळफळी उचकटली होती, पोह्यांच्या डब्याला पोचा पडला होता, आणि गॅसची नळी त्या जागेपासून वीतभर अंतरावर होती. शेजारचा टायर दिसायला धडधाकट होता, तरी त्याने दोघांचा भार ओढलेला असल्यामुळे दुकानदाराने तोही बदलायला लावला.

रस्त्यावरील मदतीच्या आमच्या योजनेत मोटार होती, ट्रेलर नव्हता. मंडळाच्या योजनेत तो आहे का, हे कुणी तपासले आहे का? आणखी एक गोष्ट: ट्रेलर डोलू लागला तर चालकाने गाडीचा ब्रेक करकचून दाबू नये. सुकाणू सरळ धरून, गाडीत बसवलेल्या ट्रेलर-ब्रेक नियंत्रकाची तरफ हाताने सरकवून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

प्रेषक: भांडारप्रमुख

आच्छादनाचा विषय निघाला म्हणून खुलासा करतो. आच्छादनाची मागणी मी मागील दोन्ही कार्यकारिणींकडे लेखी केली होती. ती पत्रे माझ्याकडे आहेत. ट्रेलर आवारात कुठे आणि कसा ठेवायचा ते भांडाराने ठरवायचे असते, सहल समितीने नव्हे. तथापि एक विनंती आहे. ट्रेलर परत आणणाऱ्या उत्साही मंडळींनी तो जागच्या जागी काटकोनात वळवू नये. दुहेरी अ‍ॅक्सलची चाके तशा वळणात आडवी घासली जातात, टायर रिमवर पिळवटतो आणि आतील पट्ट्यांवर ताण येतो. डांबरावर जे काळे अर्धवर्तुळ उमटलेले आहे ते कुणी काढले, हे मला माहीत आहे.

प्रेषक: नाना (मेसा)

ते अर्धवर्तुळ माझे नव्हे. मी त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत होतो.

प्रेषक: खजिनदार

मी आज संध्याकाळी दिवा घेऊन आतील बाजू पाहिली आणि भेगा मोजायचे सोडून दिले. मंजुरी देण्यास माझी हरकत नाही, मात्र काही गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. सी ऐवजी डी श्रेणीचे टायर का मागवले आहेत? आणि दाबदर्शक यंत्र खरोखरच अनिवार्य आहे का? गाडीत ते आहेच.

प्रेषक: सहल समिती

डी श्रेणीचा याच मापाचा टायर ६५ पीएसआयला २,०४० पौंड पेलतो, म्हणजे चार मिळून ८,१६०, आणि किमतीत फार फरक नाही. याचा अर्थ अधिक सामान भरता येईल असा मात्र नव्हे. दोन्ही अ‍ॅक्सलची मर्यादा मिळून ७,००० पौंडच राहते. म्हणून पाण्याची टाकी इथून रिकामी न्यावी आणि तळावर भरावी, एवढ्यानेच सुमारे ३३० पौंड वाचतात. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात आणि आपण नेमके त्या काठावर असणार, म्हणून धातूचे हवेत. रिमवर किती दाबाचा शिक्का आहे, तेही दुकानदाराने चाक उतरवल्यावर पाहायचे आहे.

अमेरिकेत नव्या मोटारींना हवेच्या दाबाचे यंत्र २००७ पासून कायद्याने सक्तीचे झाले, पण ट्रेलरला ती सक्ती नाही. गाडीतील यंत्राला मागच्या चाकांची काहीच खबर नसते. ताईंच्या बाबतीत ट्रकवाला भला निघाला, म्हणून निभावले.

वेगाचेही सांगून ठेवते. वाटेतील आय-१७ महामार्गावर काही ठिकाणी ताशी ७५ मैलांची परवानगी आहे. परंतु ज्या ट्रेलर-टायरवर कमाल वेग दर्शवणारे अक्षर नसते तो ६५ पर्यंतचाच समजावा. नव्या टायरवर अक्षर असेल, तरी आपण ६० च्या वर जाणार नाही. पोहोचायला उशीर झाला तर जेवण उशिरा मिळेल.

प्रेषक: खजिनदार

पाच टायर, व्हॉल्व्ह आणि यंत्र मंजूर. पावती मंडळाच्या नावे घ्यावी. टायर या वर्षीच्याच उत्पादनाचे आहेत हे शिक्का वाचून खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि टायरांची नोंदणी उत्पादकाकडे मंडळाच्या पत्त्यावर करावी, म्हणजे माल परत मागवला गेला तर सूचना येईल. ताईंनी विचारलेल्या मदत योजनेची कागदपत्रे मी आज रात्री पाहतो.

प्रेषक: भांडारप्रमुख

किल्ली माझ्याकडे आहे. गुरुवारी सकाळी साडेसातला मी स्वतः ट्रेलर घेऊन जाईन. अन्य कुणी आवारात येऊ नये. जॅक अ‍ॅक्सलखाली न लावता चौकटीखाली लावायचा, हे दुकानदाराला मीच सांगेन. पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावे लागतील, तेव्हा शुक्रवारी गाडी कोण चालवणार आहे, त्याने तो पाना माझ्याकडून सही करून न्यावा.