फॉर्म पाठवला की खिडकी आपोआप मिटावी का?

मांडवीकाठ
चवथीनंतर आमच्या मंडळाची एकांकिका स्पर्धा असते. यंदा नावनोंदणीचं पान मी केलं. बटण दाबलं की छोटी खिडकी उघडते, माहिती भरून 'पाठवा' म्हटलं की मिटते. सेक्रेटरींना तसंच हवं होतं.

पहिल्याच संध्याकाळी 16 जणांनी 'भरला' म्हणून फोन केला. यादीत 9. घोळ माझाच. 'पाठवा'वरच विंडो.क्लोज, म्हणजे खिडकी मिटवायची आज्ञा, लावलं होतं, त्यामुळे माहिती सर्व्हरला पोचायच्या आत खिडकी मिटायची आणि ब्राउझर ती विनंती वाटेतच सोडून द्यायचा. पणजीवाल्यांचं नेट जलद, त्यांची नावं लागली. सत्तरी तालुक्यातले बहुतेक राहिले.

आता मिटण्याची ओळ सर्व्हरकडून परत येणाऱ्या पानात टाकलीय, म्हणजे नोंद झाल्यावरच खिडकी मिटते. पण खरं सांगायचं तर मला आता वाटतं, मिटूच नये. 'नोंद झाली, तुमचा क्रमांक अमुक' असं दिसावं आणि माणसानं स्वतःच्या हातानं बंद करावं. पोस्टातसुद्धा स्पीड पोस्ट केलं की पावती हातात देतात.

पोदेर
नाही पटलं पात्रांव. मी लाद्यांच्या दुकानात बिलं करतो. प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद अशाच खिडकीत. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'धन्यवाद' लिहिलेली खिडकी तशीच उघडी राहायची. दुपारी जेवायला उठेपर्यंत खाली 20-25 खिडक्यांची रांग! समोर माणूस उभा असताना एकेक फुली मारत बसायचं? खिडकी मिटावी आणि मागची यादी ताजी व्हावी, बस्स. विंडो.ओपनरनं, म्हणजे खिडकी ज्या पानानं उघडली त्याच्याशी असलेल्या दुव्यानं, मागचं पान रिलोड करता येतं. पोच द्यायचीच तर त्या मागच्या पानावर द्या, हिरव्या पट्टीत.

सोलकढी
पोदेरबाब, तुमचा संगणक दुकानातला. स्पर्धेचा फॉर्म लोक मोबाइलवर भरतात, आणि तिथं छोटी खिडकी नसतेच, अख्खा नवा टॅब उघडतो. तो मिटला की माणूस भलत्याच पानावर. माझ्या मामाला वाटलं फोनच बिघडला.

शिवाय लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट उघडली असेल तर ती खिडकी मिटेलच असं नाही. स्क्रिप्टनं उघडलेली खिडकीच स्क्रिप्टला बंद करता येते, असा ब्राउझरचा ढोबळ नियम. मग 'खिडकी बंद होत आहे' हे वाक्य स्क्रीनवर तसंच लटकत राहतं. आणि ओपनरचं म्हणाल, तर 2021 मधल्या क्रोम 88 पासून टार्गेट ब्लँकच्या, म्हणजे नव्या टॅबात उघडणाऱ्या, साध्या लिंकनं उघडलेल्या पानाला ओपनर मिळतच नाही, मुद्दाम मागितल्याशिवाय. हिरवी पट्टी दाखवणार कोण?

पोदेर
ठीक, मोबाइलचं मान्य. मग खिडकीच नको. त्याच पानावर डायलॉग, म्हणजे पानाच्या वर दिसणारी चौकट, उघडा. मार्च 2022 पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत चालतो. पॉपअप ब्लॉकरचाही त्रास नाही. मिटला तरी माणूस त्याच पानावर.

मांडवीकाठ
हे आवडलं. फॉर्मला 'मेथड डायलॉग' दिलं की झालं ना?

सोलकढी
अहो नको! त्यानं डायलॉग फक्त मिटतो, माहिती कुठेच जात नाही. परत 16 चे 9 व्हायचे, किंबहुना शून्य. फेचनं, म्हणजे पान न बदलता स्क्रिप्टमधून, पाठवा, सर्व्हरचं उत्तर तपासा, ठीक असेल तरच मिटवा. तोपर्यंत बटण बंद ठेवा, नाहीतर लोक दोनदा दाबतात. आणि क्रमांक दाखवाच, त्यावर मी तुमच्याच बाजूनं.

पोदेर
क्रमांक मागच्या पानावर. माझा हेका कायम.

सुशेगाद
एवढं सगळं वाचलं. पण त्या राहिलेल्या 7 जणांचं काय झालं?

मांडवीकाठ
फोनवरून वहीत उतरून घेतली नावं. त्यातले दोघे म्हणाले, आम्ही तीनतीनदा भरला होता.