भिंतीवर हरियाल की शेकरू?

गंगापूररोडकर: नाशकातल्या आमच्या सोसायटीची कुंपणाची भिंत रंगवायची आहे. चित्र एकच, म्हणून राज्यपक्षी हरियाल की राज्यप्राणी शेकरू (मोठी खार) यावर सभेत जुंपली. माझं मत हरियाल. पिवळ्या पायांचं हे हिरवं कबूतर वड-उंबर पिकले की शहरातही थव्यानं येतं. शेकरू बघायला भीमाशंकर गाठावं लागतं. जो शेजारी राहतो त्याचं चित्र काढा ना.

सह्यवेडा: शेजारी राहतात म्हणून काढायचं तर गल्लीतली कुत्री काढा! शेकरू इथे दिसत नाही, म्हणूनच ते भिंतीवर हवं. शेपटीसकट मीटरभर लांबीचा हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं शेंड्यावर. एकेक शेकरू काटक्या-पानांची एकाहून जास्त घरटी बांधतं. फांदीला फांदी लागून असेल तरच त्याचा संसार चालतो. पाच-सहा मीटरची उडी मारतं, फट त्याहून रुंद झाली की वाट बंद. हरियालचं काय, मधून रस्ता काढा, तो उडून पलीकडच्या वडावर बसेल. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, उगाच नाही.

उंबरफळ: पण हरियाल बिया पसरवतो, जंगल लावतो. शेकरू नुसतं कुरतडतं.

सह्यवेडा: कुरतडतं, मान्य. पण हिरव्या कबुतरांची पेषणी (पोटातली दाणे भरडणारी पिशवी) दणकट असते, उंबराच्या बारीक बियासुद्धा बहुतेक त्यात भरडल्या जातात. वड-उंबर लावण्याचं श्रेय तांबट, बुलबुल, धनेश या पक्ष्यांना द्या.

पंचवटीतला: आमची आजी म्हणायची, हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायलाही पायात काडी धरून येतो. खरं-खोटं देव जाणे!

गंगापूररोडकर: बियांचं मी बोललोच नव्हतो. मुद्दा एवढाच, की चित्र बघणार शहरातली माणसं. इथल्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायला लोकांनी विरोध केला तो रोजच्या ओळखीच्या झाडांसाठी. शेकरूच्या नावानं इथे एक फांदी वाचणार नाही.

सह्यवेडा: आणि हरियालच्या नावानं वाचेल? जुना वड पाडून बदल्यात दहा रोपं लावू म्हणतात, ते असल्याच चित्राखाली खपतं.

गंगापूररोडकर: मग विचारा ना त्यांना, त्या रोपांना फळं धरेपर्यंत हरियालनं खायचं काय? हा प्रश्न शेकरू काढून विचारता येईल का नाशकात?

सह्यवेडा: येईल. इगतपुरीकडच्या घाटात येईल. तुमची भिंत गंगापूर रोडला आहे, त्याला मी काय करू!