मदत हवी आहे: गल्लीतला वेग कमी करायचाय, पण गतिरोधकावरून वस्तीत दोन तट पडलेत

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमच्या वस्तीची बैठक आहे आणि विषय एकच, गतिरोधक हवा की नको. मागच्या वेळी यावरून एवढी हमरीतुमरी झाली की इतिवृत्त लिहिणाऱ्याने पेनच खाली ठेवलं.

रस्ता सरळ आणि रुंद, दोन्ही टोकांना मोठे रस्ते. त्यामुळे सिग्नल चुकवायला बाहेरच्या गाड्या आतून घुसतात. शाळा सुटायच्या वेळी तर जीव मुठीत धरूनच रस्ता ओलांडावा लागतो. शेवटी कोणीतरी रातोरात परस्पर रबरी पट्टी ठोकली. पण ती कडेपर्यंत पोचत नाही, गटाराच्या बाजूला हातभर फट राहिली आहे. दुचाकीवाले वेग तसूभरही कमी न करता नेमके त्या फटीतून काढतात, आणि पायी जाणारेही तिथूनच चालतात! चारचाकीवाले ब्रेक मारतात आणि पट्टी ओलांडली की पुन्हा दामटतात. पट्टीसमोर राहणाऱ्या आजोबांना रात्रभर रिकाम्या टेंपोच्या फाळक्याचा खणखणाट ऐकावा लागतो. त्यांनी पट्टी काढा म्हटलं, तर "मुलांच्या जिवावर उठलात का" असं त्यांनाच सुनावलं गेलं.

वेग कमी व्हायलाच हवा, त्यात माझ्याकडून तडजोड नाही. पण "अजून दोन घाला, चांगल्या उंच घाला" हे काही पटत नाही. मग मागायचं काय? गतिरोधकांमुळे रुग्णवाहिका अडते, या मुद्द्यावर काय उत्तर द्यायचं? आणि "गाड्या फार जोरात जातात" विरुद्ध "छे, काहीतरीच" हा वाद मिटवायचा कसा?

मोजपट्टी: आधी शेवटचा प्रश्न. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करा आणि मोबाईलवरच्या स्टॉपवॉचने वेळ घ्या. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किमी, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. शंभरेक गाड्या मोजा, गर्दीत अडकलेल्या सोडून. सरासरी सांगत बसू नका. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो आकडा काढा, वाहतूक अभियंते तोच बघतात. कोणी "३० काय नि ५० काय" म्हणालं तर सांगा, कोरड्या रस्त्यावर सावध चालकाची गाडी ३० ला साधारण १३ मीटरांत थांबते, ५० ला २७-२८ मीटर लागतात. धडकेची ऊर्जा तर पावणेतीन पट. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेत झालेल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही पायी माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे कमाल ३० चीच शिफारस आहे.

वळणवाट: अरुंद पट्टीची गंमत अशी की गाडी जोरात नेली तर हादरा उलट कमी जाणवतो, सस्पेन्शन तो गिळून टाकतं. म्हणून तर ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि १० सेंमी उंच असा पसरट उंचवटा तयार केला गेला. पण एकट्याने काम भागत नाही, दोन उंचवट्यांत साधारण १०० मीटरांच्या आत अंतर ठेवा, नाहीतर मधे पुन्हा दामटणं आलंच. शाळेपाशी सपाट माथ्याचा उंचवटा मागा आणि ओलांडायचे पट्टे त्याच्यावरच आखून घ्या. त्याआधी रस्त्याची कड पुढे आणून तोंड अरुंद करा, म्हणजे ओलांडायचं अंतरही घटतं. अग्निशमनाच्या बंबासाठी तुटक 'उशा' असतात, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत मधे फटी ठेवून बसवलेले अरुंद उंचवटे, त्याची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात. लहान व्हॅनची रुग्णवाहिका मात्र त्यावर चढतेच, आणि दुचाकी मधून सटकते. तुमच्याकडे दुचाक्याच जास्त दिसतात, तेव्हा उशांच्या नादी लागू नका.

खडूस_शेजारी: एवढा खटाटोप कशाला? मधोमध खांब रोवा. पायी आणि सायकलवाले जातील, गाड्यांचा आडरस्ताच बंद.

धागाकर्ती: @खडूस_शेजारी, सुचवलं होतं. शेजारची गल्ली भांडायला आली, "तुमची ब्याद आमच्याकडे का ढकलता?" त्यांचंही खोटं नाही.

वळणवाट: मग दोन्ही गल्ल्यांची बैठक एकत्र घ्या, आणि वेग तिथलाही मोजा. काँक्रीट ओतण्याआधी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे ठेवून काही आठवडे बघता येतं. त्यासाठी रीतसर अर्ज करा, पुन्हा रातोरात काही नको.

धागाकर्ती: मोजपट्टी, वळणवाट, दोघांचेही आभार. मोजणीला आजोबांना सोबत घेते, म्हणजे आकडे एकाच गटाचे राहणार नाहीत. आता एकच. ती फट रविवारपर्यंत तशीच ठेवायची का? पट्टी कडेपर्यंत वाढवली तर पावसाचं पाणी तुंबेल अशी भीती आहे.

मोजपट्टी: पट्टी वाढवू नका, काढायलाच लावा. तोवर निदान पांढरे-पिवळे पट्टे रंगवून घ्या आणि अलीकडे फलक लावा. अंधारात न दिसणारा गतिरोधक पहिल्यांदा दुचाकीवाल्यालाच आडवा करतो.