स्मोकरचा कोळसा साडेतीन तासांतच संपतोय

मी: काका, काल परत तेच झालं. धुरावर मांस शिजवायचा स्मोकर सहाला पेटवला आणि साडेनऊला कोळसा संपला. टोपली भरून घातला होता. तुमचा रात्रभर कसा चालतो?

काका: त्यातला पेटवून किती घातलास?

मी: सगळाच. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या नळकांड्यात, लाल करून ओतला, मग अजून एक चिमणी.

काका: तिथेच चुकलं. सगळा पेटलेला असला की सगळा एकदम जळतो. टोपली न पेटवलेल्या कोळशाने भर, मधे खळगा कर, आणि चिमणीत फक्त १०-१२ तुकड्यांवर पांढरी राख धरू दे. ते त्या खळग्यात ठेव. विस्तव शेजारच्या तुकड्यांना हळूहळू लागत जातो. अमेरिकेत हिला मिनियन पद्धत म्हणतात, जिम मिनियन यांच्या नावावरून.

ताई: पण काका, कच्चा कोळसा नंतर पेटताना त्याचा वास नाही का लागत? माझं एकदा सगळं कडवट झालं होतं.

काका: पटकन पेटावा म्हणून द्रव मुरवलेला कोळसा असेल तर लागतो. तो या कामाला अजिबात घ्यायचा नाही. साधा, सुका कोळसा घे. तरी सुरुवातीला दाट पांढरा धूर येतोच, तेव्हा थांबायचं. धूर विरळ, निळसर झाला की मांस ठेवायचं.

मी: आणि हवेच्या झडपा? खालच्या तिन्ही उघड्या होत्या. १५० अंशांवर गेल्यावर बंद केल्या.

काका: फार उशीर केलास. कोळसा किती टिकणार हे हवेवर ठरतं. वरची झडप पूर्ण उघडी ठेव, ताबा खालच्या झडपांनी. ११० हवेत ना? मग ९० ला त्या अर्ध्यावर आण, १०० ला अजून कमी कर. चढलेलं तापमान उतरवणं फार जिकिरीचं असतं. झडप हलवलीस की १५-२० मिनिटं हात लावू नकोस. मी कितीतरी दिवस दर पाच मिनिटांनी हलवत बसायचो, आणि काटा कधी स्थिर व्हायचाच नाही.

दादा: दाराच्या फटीतून धूर येतो का तेही बघ. तिथून हवा आत जाते, मग झडपा बंद करूनही उपयोग नाही. माझं दार वाकलं होतं, ते सरळ केल्यावर बराच फरक पडला.

ताई: पाण्याचं भांडं ठेवायचं की नाही?

काका: पाण्याने तापमान आटोक्यात राहतं, पण ते उकळण्यात बरीच उष्णता जाते, म्हणजे कोळसा जास्त लागतो. नुसता जास्त वेळ हवा असेल तर भांड्यात वाळू भर आणि वरून फॉइल लाव. आणि अधूनमधून जाळी हलवून राख पाड. राख साचली की हवा कोंडते, आणि कोळसा असूनही विस्तव मंदावतो. ब्रिकेट, म्हणजे भुकटी दाबून केलेले कोळशाचे तुकडे, एकसारखे जळतात पण राख जास्त करतात, लाकडी कोळशाचं उलट.

मावशी: कितीही पाऊस आला तरी स्मोकर गॅरेजमध्ये नेऊ नका रे. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळत नाही. मला त्याची फार काळजी वाटते.

काका: मावशी म्हणते ते आधी. उघड्यावरच, वाऱ्याला आडोसा करून.

मी: उरलेल्या कोळशाचं काय करू?

काका: सगळ्या झडपा बंद कर, आपोआप विझेल. पूर्ण गार झाल्यावरच उघड, राख झटक, आणि पुढच्या वेळी नव्या कोळशात मिसळून वापर.