कोच-सहलीत पाहिलेले ब्रिटनमधले वाडे आणि बागा: तुमचे अनुभव

उन्हाळा लागला की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या कोच, म्हणजे सहलीच्या बसगाड्या, निघतात. समुद्रकिनारा पाहून झाला की पुढचा नंबर ठरलेला: कुठल्यातरी ड्यूकचा वाडा आणि त्याची बाग. आई-बाबा भारतातून आलेले असले तर हमखास. कुठे गेलात, काय आवडलं, गुडघ्यांचं काय झालं, सगळं लिहा. माझं मत आधीच सांगून टाकते: वेळ नेहमी तुटपुंजा असतो, तेव्हा आधी बाग, मग वाडा. दोन दालनांनंतर सगळी तैलचित्रं सारखीच दिसतात.

जळगावकर, सध्या मुलाकडे डर्बीला
आम्ही चॅट्सवर्थला गेलो होतो. वाड्यापुढे रांग होती म्हणून हे आणि मी काचघराकडे वळलो, तर समोर केळ! 1830च्या दशकात इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसकडून आलेली जात काचघरात वाढवली. मालक सहावा ड्यूक, विल्यम कॅव्हेंडिश, म्हणून जातीला नाव कॅव्हेंडिश. आमच्याकडची जुनी बसराई घ्या नाहीतर आताची जी-नाईन, सगळी याच कुळातली. मग काय, ह्यांनी तिथल्या बाईंना धरलंच. निसवायला (घड बाहेर पडायला) किती महिने लागतात, घडाला फण्या किती, बुंध्याची पिलं (कोंब) कधी काढता? मुलगा दुभाषी. बाई खूश, मागचे लोक वैतागलेले. मला मात्र कारंज्याचं जास्त नवल वाटलं. पंप नाही! वर टेकडीवर तलाव खणलाय, तिथून पाणी नळाने खाली येतं आणि स्वतःच्या जोरावर उडतं. 1844मध्ये रशियाचा झार येणार म्हणून एवढा खटाटोप केला, आणि तो आलाच नाही.

स्लावहून
त्याच पॅक्स्टनचं तिथलं सगळ्यात मोठं काचघर 1920मध्ये पाडलं. त्या जागी आता झाडांचा भूलभुलैया आहे. कोच सुटायची वेळ झाली असेल तर मुलांना आत सोडू नका, एवढंच सांगते.

बर्मिंगहॅमहून
वेल्समधला पॉविस किल्ला. उतारावर एकाखाली एक गच्च्यांसारखी बाग आणि वर गणपतीच्या पोटासारखी गोल कापलेली यू नावाची झाडं. बाबा फोटो काढून दमले. मग आत गेलो. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड 1799मध्ये, टिपू सुलतान लढाईत पडला तेव्हा, मद्रासचा गव्हर्नर होता. त्याची बायको या किल्ल्याच्या मालकांच्या घराण्यातली. त्यामुळे टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं इथे, त्याच्या तंबूचं छापील कापडही इथेच. बाबांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे तिकीट काढून आपल्याच वस्तू बघायच्या!" कोचमध्ये यावर जो वाद पेटला तो बर्मिंगहॅम येईपर्यंत विझला नाही. एक काका म्हणत होते, निदान जपून तरी ठेवलंय. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण बघायला जरूर जा. गच्च्यांच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, काठी बरोबर असू द्या.

रेडिंगहून, निवृत्त बँकवाला
स्टोअरहेड. इथला तेव्हाचा मालक हेन्री होर, होर घराण्याच्या बँकेतला. ही बँक 1672 सालची आणि आजही चालू! बांध घालून केलेला तलाव, काठाने वाट, वळणावळणावर ग्रीक-रोमन धाटणीची देवळं. पूर्ण फेरी मारा, मध्येच परतू नका.

ऑक्सफर्डहून
सेझिनकोट कोणीच कसं लिहिलं नाही? ग्लॉस्टरशायरच्या हिरव्या माळावर घुमटांचं मुघली घर, बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी! ईस्ट इंडिया कंपनीत कमावलेल्या चार्ल्स कॉकरेलने भावाकडून, सॅम्युअलकडून, बांधून घेतलं. सासूबाईंनी चपला काढल्या. "नंदीपुढे महादेव कुठे आहे?" हा त्यांचा प्रश्न. आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही.

लेस्टरहून, बऱ्याच सहलींचा आयोजक
बागांबद्दल सगळे लिहितायत, मी कोचबद्दल लिहितो. साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरला 45 मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, तो कायदा आहे. त्याच्यावर डाफरू नका. एका कंपनीने आम्हाला आयत्या वेळी स्वच्छतागृह बंद असलेली गाडी दिली होती, तेव्हापासून स्वच्छतागृह चालू असेल हे मी लेखी घेतो. थेपले, दशम्या चालतात, रस्सा नको. आणि ज्यांना अंताक्षरी खेळायचीय त्यांनी मागच्या सीटवर बसावं.