ब्लॅकॲडर: निवृत्त प्रूफरीडरला कुठला भाग आधी दाखवू?

शेवग्याची_शेंग:

मंडळी, जरा मदत करा.

माझे बाबा ७६ वर्षांचे. पुण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी ३६ वर्षं प्रूफं तपासली, आधी खिळ्यांची, मग ऑफसेटची. अजूनही घरी लग्नपत्रिका आली की मुलगी कुणाची हे विचारायच्या आधी लाल पेन शोधतात. सध्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दीड महिना पलंगावर आहेत. मराठी मालिका लावून दिल्या, तर सासवांच्या वाक्यांतली विभक्ती दुरुस्त करत बसले. आईने टीव्हीच बंद केला.

मावसभावाने मागे ब्लॅकॲडरच्या (बीबीसीची जुनी विनोदी मालिका, मिस्टर बीनवाल्या रोवन ॲटकिन्सनची) डीव्हीडींचा अख्खा संच दिला होता. कॉलेजात असताना मी पहिल्या सीझनचे दोन भाग पाहून सोडून दिले होते. मोठा किल्ला, घोडे, चिखल आणि नुसते तोंडाचे चाळे. पण सगळे म्हणतात तिसरा सीझन वेगळा आहे, त्यात नायक एडमंड ब्लॅकॲडर एका मठ्ठ राजपुत्राचा बटलर असतो.

तर, थेट तिसऱ्यापासून सुरू केलं तर चालेल का? बाबांचं वाचायचं इंग्रजी पक्कं आहे पण कान तयार नाही, सबटायटल्सच्या वेगात विनोद हाती लागेल का? आणि इंग्लंडचा इतिहास माहीत असायला हवा का? त्यांचं ब्रिटिश राजघराणं व्हिक्टोरिया राणीच्या रुपयापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

ता. क. मिस्टर बीन दाखवून झाला आहे. पाच मिनिटं बघून म्हणाले, "हा माणूस बोलत का नाही?"

रेडिंगची_छत्री:

मग रोवन ॲटकिन्सनचा बोलणारा अवतार त्यांच्यासाठीच आहे. डोळे मिटून तिसरा लावा. प्रत्येक सीझनचं शतक वेगळं, एडमंड वेगळा, फक्त घराणं एकच. मागचं काही अडत नाही.

तुम्ही पाहिलात तो पहिला, १९८३चा. त्यात एडमंड स्वतः राजपुत्र आणि स्वतःच बावळट, डोकं असलंच तर त्याच्या नोकराला, बॉल्ड्रिकला. बाहेरचं चित्रीकरण, खरे किल्ले, खर्च बेसुमार. बीबीसीच्या मायकेल ग्रेडने पैशाला कात्री लावली आणि १९८६चा दुसरा सीझन स्टुडिओत आला. रिचर्ड कर्टिसबरोबर लिहायला ॲटकिन्सनऐवजी बेन एल्टन आला. घोडे गेले आणि जीभ आली. माझ्या मते या मालिकेचं सगळ्यात मोठं भलं त्या कात्रीने केलं.

तिसरा १९८७चा. अर्ध्या अर्ध्या तासाचे सहाच भाग. युवराज जॉर्ज म्हणजे ह्यू लॉरी. (हो, तोच, पुढे 'हाउस' मालिकेत लंगडत चालणारा चिडका डॉक्टर झालेला. इथे त्याला विजार नीट घालता येत नाही.) एडमंड त्याचा बटलर आणि एडमंडच्या हाताखाली बॉल्ड्रिक, सांगकाम्या, ज्याला सांगितलेलं कामही कळत नाही. म्हणजे वर एक मठ्ठ, खाली एक मठ्ठ आणि मध्ये हा अडकलेला हुशार माणूस. नोकरी केलेल्या कुणालाही हे समजवावं लागत नाही.

बाबांना पहिल्याऐवजी दुसरा भाग लावा, शब्दकोशाचा. का ते सांगते, पुढे थोडा रसभंग आहे.

इंग्रजीचा गाजलेला कोशकार डॉ. जॉन्सन (रॉबी कोल्ट्रेन, पडदा भरून उरणारा) राजवाड्यात येतो. इंग्रजीतला प्रत्येक शब्द आपल्या कोशात आहे ही त्याची घमेंड. एडमंड अगदी अदबीने म्हणतो, डॉक्टरांना माझ्याकडूनही मनःपूर्वक 'काँट्राफिब्युलॅरिटीज'. असा शब्दच नाही! जॉन्सनचा चेहरा पडतो, तो घाईघाईने टिपून घेतो. मग एडमंड माफी मागतो, आणि त्या माफीत आणखी तीन-चार बनावट शब्द. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पॉज करून शब्द शोधत बसले होते. सबटायटल्सवर तर जास्तच मजा, कारण स्पेलिंग इतक्या खात्रीने दिलेलं असतं की आपलंच इंग्रजी कच्चं वाटायला लागतं.

एडमंडचा राग वेगळाच आहे. त्याने सात वर्षं खपून एक कादंबरी लिहिलीय, गर्ट्रूड पर्किन्स या बाईच्या नावाने. कारण काय, तर म्हणे सगळे पुरुष लेखक बाईच्या नावाने लिहितात आणि जेन ऑस्टेन हा खरं तर यॉर्कशरचा एक दाढीवाला दांडगा आहे. ती त्याने जॉन्सनला पाठवली होती, उत्तर आलं नाही. हा अपमान डोक्यात असतानाच बॉल्ड्रिक दोरीने बांधलेला एक कागदांचा गठ्ठा शेकोटीत घालतो. कोशाची दुसरी प्रत नाही. मग हातात आहे तेवढ्या वेळात अख्खा शब्दकोश पुन्हा लिहायचा! बॉल्ड्रिक मदतीला येतो. 'डॉग' या शब्दाची त्याची व्याख्या: मांजर नव्हे.

जळलं काय ते सांगत नाही.

इतिहासाबद्दल खडूफळा सर बोलतील, ते इथे आसपास असतातच.

खडूफळा:

हाक मारलीत, आलो.

इतिहास येत नसेल तर उत्तम. येत असेल तर पहिले दहा मिनिटं त्रास होतो. जॉन्सनचा कोश १७५५चा, जॉन्सन वारला १७८४मध्ये. युवराज 'रीजंट' (राजाच्या वतीने कारभार बघणारा) झाला १८११मध्ये. त्याच भागात मिसेस मिगिन्सच्या कॉफीच्या दुकानात बायरन आणि शेली हे कवी लोळत पडलेले दाखवलेत. बायरन १७८८चा, शेली १७९२चा. जॉन्सन गेला तेव्हा दोघेही जन्माला यायचे होते. मी वर्गात असा पेपर लिहिणाऱ्याला शून्य दिलं असतं.

पण लिहिणाऱ्यांना इतिहास येत होता, ही गंमत आहे. कोशात 'सॉसेज' राहून गेला म्हणून जॉन्सन किंचाळतो. खऱ्या कोशात सॉसेज आहे! 'आर्डवार्क' मात्र खरंच नाही. खऱ्या जॉन्सनने 'कोशकार' या शब्दाचा अर्थ 'निरुपद्रवी राबणारा' असा दिला होता. तुमच्या वडिलांना हे जरूर सांगा. मालिकेत तो युवराजाचा आश्रय मागायला येतो. प्रत्यक्षात लॉर्ड चेस्टरफील्डने काम संपत आल्यावर कोशाची तारीफ केली, तेव्हा जॉन्सनने त्याला पत्र लिहून झाडलं की बुडताना बघत बसायचं आणि काठाला लागल्यावर मदतीचं ओझं टाकायचं, याला आश्रयदाता म्हणतात का? हा मथितार्थ, मूळ इंग्रजी जास्त बोचरं आहे.

निवडणुकीचा भाग (पहिलाच) सोडू नका. 'डनी ऑन द वोल्ड' मतदारसंघ: तीन लुत लागलेल्या गायी, कॉलिन नावाचा डॅशहुंड आणि एक कोंबडी. मतदार एक. निवडून येतो बॉल्ड्रिक, मतं १६,४७२. एका मतदाराची. खोटं वाटेल, पण 'ओल्ड सेरम' नावाची उजाड टेकडी १८३२पर्यंत संसदेत दोन खासदार पाठवत होती. मालिकेत पंतप्रधान धाकटा पिट शाळकरी पोरगा दाखवलाय (तो खरंच २४व्या वर्षी पंतप्रधान झाला). त्याचा बाप १७३५मध्ये पहिल्यांदा खासदार झाला तो याच ओल्ड सेरममधून. ती जागा घरचीच होती. आपल्याकडे उगाच आपलीच बदनामी करतात लोक.

आता माझा खास जिव्हाळ्याचा भाग, शेवटचा. मी जालन्याचा. त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टन येतो, स्टीफन फ्राय, नुसता खेकसत. युवराजाला द्वंद्वाचं आव्हान. घाबरून युवराज आणि बटलर कपडे बदलतात. वेलिंग्टन नोकराला बदडल्याशिवाय बोलतच नाही, आणि नोकराच्या कपड्यात युवराज. हा वेलिंग्टन म्हणजे आमच्या असईचा आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध केळणा नदी ओलांडून आलेला. तिथे त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकूनही म्हातारपणी तो आपली सगळ्यात चांगली लढाई असईच सांगायचा. मी मुलांची सहल तिकडे न्यायचो. या भागात फ्राय पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी एकटाच घरी म्हणालो, "आमच्या शिवारातून गेलेला माणूस आहे हा."

द्वंद्वही हवेतून आणलेलं नाही. १८२९मध्ये खरा वेलिंग्टन पंतप्रधानपदावर असताना लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलांचं द्वंद्व खेळला. कुणालाच लागलं नाही. मालिकेत तोफा वापरतात.

कोरडी_भाकर:

सगळ्यांशी असहमत. चौथा लावा, १९८९चा, पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला. तिसऱ्यात एडमंडला गमावण्यासारखं काही नाही, फार तर नोकरी. चौथ्यात रोज सकाळी जीव जायची वेळ. विनोदाला धार तिथे आहे.

रेडिंगची_छत्री:

@कोरडी_भाकर, धार आहे, मान्य. पण पलंगावर पडलेल्या माणसाला त्याचा शेवटचा भाग दाखवायचा? तुमच्या घरी आजारी माणसाला भेटायला जाताना काय घेऊन जाता हो?

कोरडी_भाकर:

शहाळं. बरं, तिसरा लावा.

शेवग्याची_शेंग:

सगळ्यांचे आभार. काल रात्री शब्दकोशाचा भाग लावला. अहवाल देते.

'काँट्राफिब्युलॅरिटीज'ला बाबांनी हात वर करून थांबवायला लावलं. मला माळ्यावरून वीरकरांची डिक्शनरी काढायला लावली. नाही सापडला. पुढचा शब्द, तोही नाही. तिसऱ्या शब्दाला चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मग असे हसले की आई आतून धावत आली, टाके तुटले की काय म्हणून.

गठ्ठा शेकोटीत गेला तिथे मात्र हसले नाहीत. परत थांबवलं. "दुसरी प्रत नाही? कार्बन लावायला काय झालं होतं?" मी म्हटलं, बाबा, अठरावं शतक आहे. तर म्हणाले, "मग नकलनवीस ठेवायचा."

आणि मग जे सांगितलं ते आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. खिळ्यांच्या काळात छापखान्यात एक पोऱ्या होता. त्याने एका कादंबरीच्या हस्तलिखिताची शेवटची अकरा पानं रद्दी समजून समोरच्या वडेवाल्याला दिली. कळेपर्यंत त्यात वडे बांधून गेलेसुद्धा. मालक बाहेरगावी, लेखक दुसऱ्या दिवशी येणार, तोही नावाजलेला आणि तापट. पोऱ्याची नोकरी जाणार, कदाचित बाबांचीही.

बाबांनी काय केलं, तर लेखक आल्यावर त्याला चहा पाजला आणि अतिशय अदबीने म्हणाले, "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण शेवट जरा लांबलाय असं वाटलं. बाकी कादंबरीच्या तोडीचा नाही. आपण पुन्हा एकदा हात फिरवाल का?" लेखक आधी भडकला, मग गप्प बसला, मग घरी गेला. आठ दिवसांनी नवा शेवट घेऊन आला आणि वर बाबांना दहा रुपये बक्षीस दिले.

म्हटलं, नवा शेवट चांगला होता का? तर म्हणाले, "जुना मी वाचला कुठे होता?"

आज सरांनी सांगितलेला निवडणुकीचा भाग लावणार आहे.

खडूफळा:

कादंबरी कुठली ते विचारा.

शेवग्याची_शेंग:

विचारलं. म्हणतात, पाठ्यपुस्तकात उतारा आहे तिचा, आता कशाला.